म्हशींच्या जुन्या तबेल्यात घोडे आणण्याआधी

मुंबईत घोड्यांसाठी नवी पागा बांधायची म्हटलं तर जागा आणणार कुठून? म्हणून बहुतेक जण जुनंच काहीतरी भाड्याने घेतात. जोगेश्वरी-गोरेगावकडचा, म्हशी हलवल्यामुळे रिकामा पडलेला तबेला, नाहीतर २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्यावर ओस पडलेली एखादी पागा. जागा दाखवणारा हमखास म्हणतो, "दादा, इथे जनावरंच तर होती. झाडून घ्या, फिनाईल मारा, परवा घोडे बांधा."

गडबड इथेच होते. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. म्हैस रवंथ करणारी, तिच्या पोटातले जंतू काही विषं आधीच मोडून टाकतात. घोड्याला ती सोय नाही. म्हैस दावणीला तासन्‌तास उभी राहते. घोडा दचकला की मागचापुढचा विचार न करता उसळतो, आणि भिंतीतला एक गंजका हूक त्याची मांडी फाडायला पुरतो. तेव्हा म्हशीला वर्षानुवर्षं चाललेल्या कुठल्या गोष्टी घोड्याला चालणार नाहीत, हाच प्रश्न हातात खराटा घेतल्यापासून डोक्यात ठेवायचा.

खराटा उचलण्याआधी

आधी पालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन त्या जागेत घोडे ठेवायचा परवाना मिळेल का ते विचारा. मजुरी आणि डंपरचा खर्च झाल्यावर नकार ऐकण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नका. जून ते सप्टेंबरात सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लाकूड, भिंत, जमीन काही वाळत नाही, आणि जंतुनाशकाचं निम्मं काम वाळण्यावर असतं. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यांत चांगले. महालक्ष्मीचे शर्यतीचे घोडेही पावसाळा पुण्यात काढून हिवाळी हंगामासाठी मुंबईत येतात. एप्रिल-मेमध्येही काम होतं, पण तापलेल्या पत्र्याखाली मास्क आणि गमबूट घालून राबणाऱ्याचे हाल होतात. तेव्हा पहाटे सुरू करून अकराला थांबा.

काम करणाऱ्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं हवं. जुन्या तबेल्यात उंदीर-घुशी असतातच, आणि त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो. पायावर जखम किंवा चीर असलेल्या माणसाला ओल्या कामावर लावूच नका. बाकीच्यांसाठी आधी गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टर सांगतील. कामानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, तर "तबेल्यात काम केलं होतं" हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं.

प्रत्येकाला गमबूट, जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि एन-९५ मास्क द्या. नाक्यावरून आणलेले बिगारी मास्क हनुवटीवर ओढून काम करतात. त्यांना नियम सांगत बसण्यापेक्षा दर तासाला बाहेर सावलीत पाणी पिण्याची सुट्टी द्या, म्हणजे आत असताना मास्क तोंडावर राहतो. आणि एकट्याने कुणीही आत काम करायचं नाही.

पहिली फेरी नुसती बघण्याची

दारं-खिडक्या सताड उघडून जागा दिवसभर तशीच सोडा. दुसऱ्या दिवशी बॅटरी आणि लांब काठी घेऊन आत जा.

आधी वर बघा. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते धड असतील तर त्यांना हात लावायचं कारण नाही. तारेच्या ब्रशने घासणं, ड्रिल मारणं, प्रेशरच्या पाण्याने धुणं हे मात्र अजिबात नको, कारण तुटक्या कडेतून निघणारे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. फुटका पत्रा बदलायचा असेल तर तो पाण्याने भिजवून, न तोडता, अख्खा उतरवा. आणि पत्र्यावर कुणी पाय ठेवू नका. वरून धड दिसणारा पत्राही माणसाच्या वजनाने कडकन फुटतो, आणि खाली कोबा असतो.

मग खांब. लोखंडी खांब गंजतो तो जमिनीलगतच्या वीतभर भागात, कारण तिथे वर्षानुवर्षं मूत साचलेलं असतं. रंगाचे पापुद्रे दिसले की हातोडीने ठोकून बघा. लाकडी खांबात आणि वाशात चाकूचं टोक घुसवा. सहज आत गेलं तर वाळवीने पोखरलेलं आहे, आणि तो खांब बदलल्याशिवाय पुढचं काम नाही. घोडा अंग घासायला नेमका तोच खांब निवडतो.

वीज मेन स्विचवरून बंद करा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ओल्या भिंतीवर लोंबत असतात. घोड्याच्या पायाला लोखंडी नाल, खाली ओली जमीन, त्यामुळे माणसाला नुसती झिणझिणी येईल असा शॉकही त्याला भारी पडतो. जुनं वायरिंग दुरुस्त करण्यापेक्षा सरळ नवं घाला. वायरी पाइपमधून, घोड्याचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच न्या, दिव्याला जाळी बसवा आणि ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, लावा. सफाईपुरता उजेड बॅटरीवरच्या दिव्यांनी करा.

कोपऱ्यातला कडबा, पोत्यांची थप्पी किंवा उलटं घमेलं काठीने हलवल्याशिवाय हाताने उचलू नका. आरेच्या पट्ट्यात नाग, घोणस, मण्यार सगळे आहेत. साप दिसला तर सगळ्यांना बाहेर काढून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावलाच तर कापाकापी, दोरी आवळणं, मंत्र यांत वेळ घालवू नका. १०८ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा मोठ्या सरकारी रुग्णालयात माणसाला पोचवा. माळ्यावर गव्हाणी घुबडाची पिल्लं असली तर ती उडून जाईपर्यंत तो भाग सोडून द्या. घुबड कायद्याने संरक्षित आहे, शिवाय उंदीर मारायचं काम फुकटात करतं.

शेणाचा किंवा मुताचा खड्डा असेल तर तो स्वतः ढवळू नका, आणि आत माणूस उतरवणं तर सोडूनच द्या. जुन्या शेणाच्या रबडीची साय मोडली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू उसळतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मुंबईच्या टाक्यांमध्ये अशीच माणसं गेली आहेत. सेप्टिक टाक्या-गटारांत सुरक्षेशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. हा खड्डा शेणाचा असला तरी आतला वायू तोच. सक्शन टँकर बोलवा, खड्डा रिकामा करून भरून टाका.

मागे राहिलेलं खाणं आणि औषधं

अपघात सगळ्यांना दिसतो, विषबाधा दिसत नाही. म्हणून कचरा काढायच्या आधी हे वेगळं काढायचं.

म्हशींच्या तबेल्यात अर्धी पोती पेंड, सरकी, मक्याचा भरडा, खनिज मिश्रणाच्या पिशव्या पडलेल्या असतात. "चांगलं आहे, चंदीत (घोड्याच्या खुराकात) मिसळू" म्हणून मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, ती बाजूला ठेवतात. त्यांना समजावून सांगा. काही गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गुरांना ते मानवतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला साधारण १ ग्रॅम जीव घ्यायला पुरतं. बुरशी लागलेल्या मक्यातलं विष तर घोड्याचा मेंदू अक्षरशः विरघळवतं. एकही पोतं ठेवायचं नाही. गव्हाणीच्या तळाशी घट्ट बसलेला खाण्याचा थरही यातच मोडतो.

उंदरांचं विष शोधा. निळे-हिरवे ठोकळे, पिठाच्या गोळ्या, काळपट भुकटी मिळते ती भिंतीच्या कडेला, वाशांवर आणि गव्हाणीमागे. हातमोज्यांनी उचलून झाकणाच्या डब्यात भरा. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या किंवा त्यांची राखाडी भुकटी दिसली, लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला, तर त्यावर पाणी टाकू नका. ओल लागली की त्यातून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. सगळ्यांना बाहेर काढा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

दूध उतरवायच्या इंजेक्शनच्या सुया खूप सापडतात. भिंतीच्या फटीत खोचलेल्या, पेंढ्यात पडलेल्या. त्या हाताने उचलू नका, पक्कडीने जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका.

आणखी एक बाटली बघा. म्हशींच्या गोचिडांसाठी वापरायचं अमिट्राझ जवळजवळ प्रत्येक तबेल्यात असतं. ते घोड्याला लावलं तर आतड्यांची हालचाल थांबून पोटशूळ होतो. अशा बाटल्या मोतद्दाराच्या हाती लागता कामा नयेत.

खरवडणं

आता फावडी काढा. झाडण्याआधी सगळीकडे पाण्याचा हलका फवारा मारा. जमीन भिजायला नको, फक्त धूळ बसली पाहिजे. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडली तर बुरशीचे बीजाणू थेट छातीत जातात. काम वरून खाली आणि आतून दाराकडे करा. आधी वासे आणि जाळ्या, मग भिंती, मग गव्हाण, शेवटी जमीन. उलट केलं तर जमीन दोनदा काढावी लागते.

गव्हाणीला जास्त वेळ द्या. सिमेंटच्या गव्हाणीच्या तळाशी, जिथे ती भिंतीला टेकते, तिथे बोटभर भेग असते. बॅटरी तिरपी धरून भेगेत बघितलं की आधी काहीच दिसत नाही, मग वाळक्या डाळीसारखे चपटे दाणे दिसतात आणि त्यातले एक-दोन हळूच पाय हलवतात. हे गोचीड. म्हशी गेल्या तरी ते कितीतरी महिने उपाशी वाट बघत राहतात, आणि घोड्यांच्या रक्तातला बॅबेसिया हा परजीवी पसरवणारे त्यांच्यातच असतात. भेगेतला मळ पत्र्याच्या पट्टीने उकरून जाळायच्या डब्यात टाका. लाकूड, पेंढा आसपास नसेल तर भेगेवरून गॅसच्या बर्नरची ज्योत फिरवा, शेजारी पाण्याची बादली आणि एबीसी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून. नंतर भेग सिमेंटने बंद करा. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी करायची ती धुवून वाळल्यावर, लेबलावरच्या प्रमाणात, आणि ती सुकेपर्यंत घोडा आत नाही.

जुन्या दारा-चौकटींचा तैलरंग पापुद्रे धरून सुटत असेल तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता. घोडा लाकूड कुरतडतो. तो रंग कोरडा घासू नका, लाकूडच काढून टाका.

जमीन खरवडून झाली की चुंबक. बंद पडलेल्या मोठ्या स्पीकरचं चुंबक भंगारवाल्याकडे मिळतं, ते दोरीला बांधून जमिनीवरून ओढा, मग दारासमोरच्या मातीतून. पहिल्याच ओढीत त्याला दाढी फुटते. पत्र्याचे खिळे, पोत्याच्या तारेचे तुकडे, दावणीच्या साखळीच्या कड्या, ब्लेड. दाढी पुसून पुन्हा ओढा, आडवं आणि उभं, दोन्ही दिशांनी, काही लागेनासं होईपर्यंत. खुराच्या तळव्यातून दोन इंची खिळा आत गेला तर तो थेट हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत पोचतो, आणि नालबंदाने काढला तरी त्या घोड्याचं पळणं संपू शकतं. सफाईतलं एकच काम दोनदा करायचं असेल तर ते हे.

धुणं, आणि ब्लीचिंगचा धोका

आधी साबणाच्या पाण्याने किंवा गरम पाण्यातल्या धुण्याच्या सोड्याने धुवा. १० लिटरला साधारण ४०० ग्रॅम. ताठ ब्रशने घासा, धुवा, पाणी निथळू द्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा. शेणाचा पातळ थर राहिला तरी ब्लीचिंग त्यातच खर्ची पडतं आणि जंतू खाली सुखरूप राहतात.

मग ब्लीचिंग पावडर. १० लिटर पाण्यात १५० ते २०० ग्रॅम, ताजी आणि सीलबंद डब्यातली, कारण उघड्या पोत्यातली पावडर मुंबईच्या हवेत लवकर मरते. जागा किमान दहा मिनिटं ओली ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

मुताने भिजलेल्या जमिनीवर ब्लीचिंग टाकलं की अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार होतं. डोळे चुरचुरतात, छाती आवळते. लादीचे डाग काढायच्या अ‍ॅसिडशी मिळालं तर क्लोरीन. "फिनाईल, ब्लीचिंग आणि थोडं अ‍ॅसिड" हा तबेल्यांतला आवडता काढा बंद जागेत जीव घेऊ शकतो. एका वेळी एकच औषध, मध्ये स्वच्छ पाण्याने धुणं, आणि दारं उघडी. कुणाला खोकला लागला तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्या.

जागा आधी घोड्यांची होती असं कळलं, तर पशुवैद्यांना आधीच विचारा. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि २००९च्या कायद्याने त्याची खबर देणं बंधनकारक आहे. येणाऱ्या घोड्यांच्या रक्ताची तपासणीही ते सुचवतील. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ती होते.

जागा पूर्ण वाळली की भिंतींना चुना. चुनकळी भिजवताना पाणी उकळतं आणि उडतं, गॉगल उतरवायचा नाही. आदल्या दिवशी भिजवून ठेवलेला चुना दुसऱ्या दिवशी लावा.

म्हशीची जागा घोड्याची करताना

दावणीचे खुंटे, साखळ्या, भिंतीतल्या कड्या मुळापासून काढा. नुसते ठोकून वाकवू नका. म्हशींमागची उघडी मोरी घोड्याचा पाय मोडणारा सापळा आहे. तिच्यावर जाड लोखंडी जाळी घट्ट बसवा किंवा ती बुजवून निचरा बाहेरून काढा. गव्हाणीच्या सिमेंटच्या धारदार कडा घासून गोल करा.

कोबा म्हशींच्या खुरांनी आणि पाण्याने आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो. नालवाला घोडा त्यावर घसरतो. छिन्नीने टाके मारून वर जाड रबरी मॅट घाला, आणि १२ फुटांत दोन-अडीच इंचांचा उतार राहील असं बघा. मोठ्या घोड्याला १२ बाय १२ फूट, तट्टाला १० बाय १० लागतं. दार ४ फूट रुंद हवं. गज लावणार असाल तर दोघांतलं अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको.

हवा कशी आहे ते बघायला गुडघ्यावर बसा आणि श्वास घ्या. उभ्याने काही जाणवत नाही, तिथे मात्र नाक झोंबलं तर अमोनिया अजून जमिनीत आहे. घोडा झोपतो तेव्हा त्याचं नाक तिथेच असतं.

शेजारच्या तबेल्यात अजून म्हशी असतील तर खिडक्यांना बारीक जाळी लावा. म्हशींच्या अंगात सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग लक्षणं न दाखवता राहतो. चावऱ्या माश्यांनी तो घोड्यापर्यंत आणला की घोडा खंगत जातो.

कुंपण

बाहेर काय उगवलंय तेही बघा. कण्हेर, लाल असो की पिवळी, मुळासकट काढा. तिची वाळलेली पानंही तितकीच विषारी असतात, म्हणून छाटणी गवताच्या ढिगाशेजारी टाकू नका. एरंड, गुंज, धोतरा, घाणेरी यांनाही जागा नाही. सुबाभूळ मुंबईत जिथे तिथे उगवते आणि शेळ्या ती आनंदाने खातात. घोड्याने बरीच खाल्ली तर आयाळ आणि शेपूट गळायला लागते.

घोडे आत आणताना

रोज एका घोड्यामागे २० किलोच्या वर लीद निघते. ती कोण नेणार, नर्सरीवाला की कंत्राटदार, हे पहिला घोडा येण्याआधी ठरवा. हौदातलं जुनं पाणी काढा, टाकी घासा, झाकण बसवा.

घोड्यांची धनुर्वाताची लस झाली आहे ना, हे आणण्याआधी बघा. या रोगाला घोड्याइतकं कच्चं जनावर विरळा, आणि जुन्या शेणमातीत त्याचे जंतू असणारच. पहिला घोडा शांत स्वभावाचा निवडा. हातात धरून त्याला सगळीकडे फिरवा आणि तो कुठे नाक लावतो, कुठे बुजतो ते बघा. बाहेरून आलेले नवे घोडे दोन-तीन आठवडे वेगळ्या टोकाला ठेवा, त्यांचा खरारा आणि बादली वेगळी.

पहिल्या आठवड्यात रोज खुर उचलून तळवे बघा, मांडीच्या आतल्या बाजूला आणि शेपटीखाली गोचीड चाचपा, लीद कमी होतेय का, खोकला सुरू झालाय का यावर लक्ष ठेवा. पशुवैद्यांना बोलवावं लागलं, तर त्या जागेत आधी कुठलं जनावर होतं, काय काय सापडलं आणि तुम्ही काय काय, कधी फवारलं, हे लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या.